रिचार्जवर रोजचा दर छापा : ट्रायच्या अध्यक्षांना कोयना खोऱ्यातून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : मोबाइलच्या प्रत्येक प्रीपेड पॅकवर रोजचा दर ठळकपणे छापणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. साखर, चहा, तेल, काडेपेटी यांच्या जोडीला मी मोबाइलचं रिचार्जही मारते. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस मुंबईत असतो. कुणी वाशीच्या मार्केटात माथाडी, कुणी कंपनीत, कुणी टॅक्सीवर. गावात मागं राहतात त्या म्हाताऱ्या आया, सुना आणि शाळेतली पोरं. फोन बंद पडला की बाई तडक माझ्या दुकानाची पायरी चढते. तिला वाटतं मशीन बिघडलं. बहुतेक वेळा पॅक संपलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या थोरल्या आक्का अशाच आल्या. वय सत्तरीच्या पुढं, हातात बटनाचा फोन. म्हणाल्या, "अगं, लेकाचा फोन लागंना. पैसे तर त्यानं एक तारखेला टाकलेत. महिना कुठं झालाय अजून?" मी बघितलं. पॅक अठ्ठावीस दिवसांचा होता आणि त्या दिवशी तारीख एकोणतीस होती. लेक मुंबईतून दर खेपेला ३४९ रुपयांचा पॅक टाकत होता. त्यात रोज दीड जीबी डेटा, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत ४२ जीबी. आक्कांच्या फोनवर इंटरनेट चालतच नाही. हिरवं बटन दाबून बोलणं आणि लाल बटन दाबून बंद करणं, एवढाच त्यांचा वापर.

लेकाचा दोष काय म्हणावा? दिवसभर पाठीवर गोणी वाहून तो रात्री खोलीवर येतो, मोबाइलवर आईचा नंबर घालतो, समोर जो पॅक ठळक दिसतो त्यावर बोट ठेवतो. आईचा फोन चालू राहावा एवढीच त्याची इच्छा. स्वस्तातला पॅक बघायला बोटानं बरंच खाली सरकावं लागतं, आणि तिथं पोहोचलं तरी कुठला खरंच स्वस्त हे कळत नाही. एक २८ दिवसांचा, दुसरा ५६ चा, तिसरा ८४ चा, चौथा ३३६ चा, पाचवा ३६५ चा. किमती १८९, ४६९, १८४९. दुकानात बसून रोज हेच करणाऱ्या मलासुद्धा कॅल्क्युलेटर घ्यावा लागतो.

त्या दिवशी मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर आक्कांचा हिशेब मांडला. ३४९ ला २८ नं भागलं, रोजचे १२ रुपये ४६ पैसे. वर्षात असे पॅक बारा नव्हे, तेरा लागतात, कारण अठ्ठावीस तेरं तीनशे चौसष्ट. झाले ४,५३७ रुपये. नुसतं बोलणं आणि एसएमएस एवढाच असलेला वर्षभराचा पॅक मी बघितला होता १,८४९ रुपयांचा, रोजचे ५ रुपये ७ पैसे. फरक २,६८८ रुपयांचा. आक्कांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचं पेन्शन दर वर्षी न वापरलेल्या डेटावर जात होतं, आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

महोदय, नुसत्या बोलण्याचा हा पॅक तुमच्यामुळंच आला. डिसेंबर २०२४ मध्ये तुम्ही ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती केली, प्रत्येक कंपनीला डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा एक तरी पॅक काढायला लावलं आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये ते पॅक आले. एअरटेलचा ८४ दिवसांचा पॅक आधी ४९९ ला आला आणि थोड्याच दिवसांत ४६९ झाला. जिओचा ८४ दिवसांचा ४५८ वरून ४४८ वर आला. तुम्ही या किमती तपासणार असं जाहीर केल्यावर त्या उतरल्या, हे मी पेपरात वाचलं आणि मला मनापासून बरं वाटलं. दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी बटनाचा फोन वापरणारी म्हातारी दिसली, असं वाटलं.

पण पॅक निघणं वेगळं आणि तो माणसापर्यंत पोहोचणं वेगळं. माझ्या दुकानातल्या एकाही गिऱ्हाइकानं आपणहून येऊन "नुसत्या बोलण्याचा मारा" असं म्हटलेलं नाही. ते विचारतात एकच, "सगळ्यात स्वस्तातलं काय आहे?" आणि या प्रश्नाचं उत्तर रकमेत दडलेलं असतं, दिसत नाही.

जुलै २०२४ ची दरवाढ आठवा. ३ जुलैला जिओ आणि एअरटेलनं, ४ जुलैला व्होडाफोन आयडियानं दर वाढवले. सगळ्यात खालचा २८ दिवसांचा पॅक जिओचा १५५ चा १८९ झाला, बाकी दोघांचा १७९ चा १९९. माझ्याकडं येणारी बाई १९९ ऐकून म्हणते, हाच स्वस्त, कारण पाकिटातली दोनशेची नोट त्याला पुरते. १९९ ला २८ नं भागा, रोजचे ७ रुपये ११ पैसे. वर्षाच्या १,८४९ च्या पॅकचे रोजचे ५ रुपये ७ पैसे. तेरा वेळा १९९ म्हणजे २,५८७. त्या पॅकमध्ये दोन जीबी डेटा मिळतो हे खरं, पण ज्या फोनवर तो चालतच नाही तिथं त्याचा उपयोग शून्य. हातात एकदम मोठी रक्कम नसलेल्या बाईला तोच आवाज ऐकायला वर्षाला ७३८ रुपये जादा मोजावे लागतात. किराण्यातही असंच होतं, पाच रुपयांच्या पुडीतला चहा किलोच्या पाकिटापेक्षा महाग पडतो. पण तिथं निदान ते समजतं.

का समजतं ते सांगते, कारण माझ्या मागणीचं मूळ तिथंच आहे. वैध मापन शास्त्राच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता पाकीटबंद मालावर एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमला, दर किलोला किंवा दर लिटरला किती पडतात हेही छापावं लागतं. माझ्या फळीवर दोन कंपन्यांचा चहा शेजारी शेजारी असतो, एक २५० ग्रॅमचा, एक ४०० चा. चौथी शिकलेली बाईसुद्धा पाकीट उलटं करून बारीक अक्षरातला दर बघते आणि ठरवते. मला विचारावं लागत नाही. तराजूचंही तसंच. माझा काटा दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड होतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्याला एवढी शिस्त असेल, तर दोन-दोन हजारांच्या रिचार्जला का नाही?

रिचार्जचं माप दिवस आहे. महिना नाही, कारण कंपन्यांनी महिना अठ्ठावीस दिवसांचा केला. जानेवारी २०२२ मध्ये तुम्ही प्रत्येक कंपनीनं तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा पॅक ठेवलाच पाहिजे असा आदेश काढला, तो योग्यच होता. पण दुकानात मागितला जातो तो अठ्ठावीसचाच, कारण पुढं तोच केलेला असतो आणि दोन दिवसांचा फरक रकमेवरून कळत नाही. रोजचा दर छापलेला असेल तर अठ्ठावीस असो, तीस असो की ८४, फरक पडणार नाही. सगळे एकाच काट्यावर येतील.

कंपन्या म्हणतील, पॅक एकसारखे नसतात. एकात डेटा जास्त, दुसऱ्यात एसएमएस, तिसऱ्यात सिनेमे. रोजच्या दरावरून तुलना कशी होणार? चहाही एकसारखा नसतो. एक कडक, एक सुगंधी, एक भुकटी. तरी ग्रॅमचा दर छापतात, आणि कडक चहासाठी चार पैसे जास्त द्यायचे की नाही हे पिणारा ठरवतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रोजचे १२ रुपये देऊन दीड जीबी परवडत असेल तर तिनं जरूर घ्यावा. आक्कांनी तो अजाणतेपणी घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

उलट रोजच्या दरानं काही चांगल्या गोष्टीही उजेडात येतील. जुलै २०२३ मध्ये जिओभारत नावाचा बटनाचा फोर-जी फोन ९९९ रुपयांना आला, त्याचा २८ दिवसांचा पॅक १२३ रुपयांचा होता. रोजचे ४ रुपये ३९ पैसे. पॅक फक्त त्याच फोनवर चालतो, म्हणून आधी फोन घ्यावा लागतो. ज्याचा जुना टू-जी फोन मोडकळीला आलाय त्याच्यासाठी हा सौदा बरा असू शकतो, आणि ज्याचा फोन ठणठणीत आहे त्यानं आधी हजार रुपये घालायचे का, याचा विचार करावा. रोजचा दर शेजारी असला की असं बोलणं दुकानाच्या पायरीवर होऊ शकतं. आत्ता होत नाही.

आमच्या बचत गटानं यावर स्वतःपुरता उपाय काढला, तो मुद्दाम सांगते. गटात आम्ही बाराजणी. वर्षाचा पॅक स्वस्त आहे हे कळलं तरी १,८४९ रुपये एकदम कुठून आणायचे? मग अंतर्गत कर्ज द्यायचं ठरवलं, बिनव्याजी, फक्त याच कामासाठी. महिन्याला १५५ रुपये हप्ता. बारा हप्त्यांत १,८६० जमा होतात, वरचे अकरा रुपये बाईच्या बचतीत. पहिल्या खेपेला पाचजणींनी घेतलं. दर अठ्ठावीस दिवसांनी फोन बंद पडायची धास्ती गेली, हे त्यांना पैशांपेक्षा मोठं वाटतं. एकीच्या मुलीची सासुरवाडी आटपाडीला, जावई गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळात. मुलीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा पॅक संपायची तारीख बघत बसावं लागलं नाही, असं ती गटाच्या बैठकीत बोलली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या होत्या.

आता रेंजचं बोलते. पॅक कितीही स्वस्त असला तरी रेंज नसेल तर त्याची किंमत काय? सह्याद्रीच्या रांगांत लाटा अडतात. एका कंपनीचा फोन देवळाच्या पारावर लागतो, दुसऱ्या कंपनीचा वरच्या आळीला शाळेच्या पायऱ्यांवर, आणि घळीतल्या वाडीत कुणाचाच नाही. म्हणून लोक दोन सिम ठेवतात, दोन्हीत पैसे घालतात. २०२४ च्या दरवाढीनंतर आमच्या वाडीतली काही घरं स्वस्त कंपनीकडं पोर्ट झाली. १९०० ला एसएमएस केला, कोड आला, नवं सिम आलं, सगळं ठरल्या दिवसांत झालं. पण इथं त्या कंपनीची रेंज नीट येत नव्हती, आणि एकदा बदलल्यावर ९० दिवस परत फिरता येत नाही. तीन महिने ती माणसं फोन घेऊन टेकाडावर जात होती. नव्या सेवा-दर्जा नियमांप्रमाणे कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात, ही चांगली गोष्ट आहे. तो नकाशा वाडीपर्यंत खरा असावा आणि पोर्ट करण्याआधी दुकानदाराला तो दाखवता यावा, असं मला वाटतं.

आणि इथंही दिवसाचंच माप कामाला येतं. तुमच्या २०२४ च्या त्याच नियमांत आहे की जिल्ह्याच्या पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदत वाढवून द्यायची. १ एप्रिल २०२५ पासून ते लागू झालं. नियम वाचून मला आनंद झाला, आणि मग लक्षात आलं की आम्ही त्यात बसत नाही. श्रावणात इथं झाडं पडतात, वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते, डिझेल पोहोचत नाही. तीन-तीन दिवस आमचं खोरं मुकं असतं. पण सातारा शहर चालू असतं, कराड चालू असतं, फलटण चालू असतं. जिल्हा बंद पडलेला नसतो, फक्त आम्ही बंद असतो. आमच्या पॅकचे तीन दिवस मात्र सरतात. १९९ च्या पॅकमध्ये त्या तीन दिवसांचे २१ रुपये ३२ पैसे होतात. रक्कम लहान आहे, मला माहीत आहे. पण मी तराजूत तीन ग्रॅम कमी टाकले तर तो गुन्हाच ठरतो, रक्कम किती हे कुणी विचारत नाही. रोजचा दर छापला गेला की बंद दिवसाची किंमतही छापली जाईल आणि ती मागता येईल. म्हणून जिल्ह्याऐवजी टॉवर धरून हिशेब व्हावा.

मी कूपनं खरवडण्याच्या दिवसांपासून या धंद्यात आहे. तेव्हा २०१२ च्या नियमांनी कूपनांवर रंगाची पट्टी आली, प्लॅनचं लाल, टॉपअपचं हिरवं, स्पेशल टॅरिफचं पिवळं. न वाचता येणारा म्हातारासुद्धा "मला हिरवं द्या" म्हणायचा. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत ते रंग काढून टाकले गेले, कारण आता बहुतेक रिचार्ज ऑनलाइन होतं. कारण मला पटतं. पण रंगाच्या जागी काय आलं? ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही, त्याला ओळखीची खूण म्हणून काय उरलं? प्लॅनची तुलना करायचं तुमचं संकेतस्थळ २०१८ पासून आहे. ते उघडायला स्मार्टफोन लागतो आणि डेटा लागतो. नुसत्या बोलण्याच्या पॅकची ज्यांना गरज आहे ते नेमके तिथं पोहोचू शकत नाहीत.

एक गोष्ट जाता जाता. खात्यात वीस रुपये असतील तर ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबरही लगेच जात नाही, वीस कापून पुढचे तीस दिवस राखला जातो, हा नियम २०१३ पासून आहे. बँक, आधार, रेशन सगळं एकाच नंबराला जोडलेलं असल्यामुळं नंबर जायची भीती इथं फार आहे. भीतीपोटी लोक नको तो मोठा पॅक मारतात. हा नियम दुकानाच्या भिंतीवर मराठीत लिहिलेला असता तर कितीतरी पैसे वाचले असते.

मला कमिशन मिळतं ते रकमेवर मिळतं. आक्कांच्या लेकानं ३४९ चा पॅक माझ्याकडून मारला असता तर वर्षाकाठी माझाच फायदा झाला असता. तरी हे लिहिते, कारण आक्का रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसतात आणि मला त्यांच्याकडं बघून तोंड लपवायचं नाही. रिचार्ज मारणाऱ्या प्रत्येक दुकानात कंपनीनं स्वतःच्या खर्चानं मराठीतला फलक लावावा. त्यावर सगळ्यात वर डेटा नसलेला पॅक, मग बाकीचे, आणि प्रत्येकापुढं एकच आकडा ठळक : रोजचे किती. रेशन दुकानात दराचा फलक लागतो, तसाच. हाच आकडा अॅपवर, पोस्टरवर आणि पॅक संपत आल्याच्या एसएमएसवरही असावा.

तोवर मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. शाळेनं काढून टाकलेला एक फळा आणून दुकानाच्या दाराशी टांगला आहे. त्यावर खडूनं चार कंपन्यांचे पॅक आणि प्रत्येकापुढं रोजचा दर. दर बदलला की पुसून पुन्हा लिहिते. आक्कांच्या लेकानं गणपतीला गावी आल्यावर त्याचा फोटो काढला आणि गाळ्यावरच्या सोबत्यांना पाठवला. आता त्यांचे फोन मला येतात, आमच्या आईला कुठला मारू म्हणून.

उत्तर पोस्टानं पाठवलंत तरी चालेल. मी ते फळ्याशेजारी लावीन.

आपली नम्र,
एक किराणा व रिचार्ज दुकानदार
ता. पाटण, जि. सातारा